आईच्या हाताला पेलेल ते

डुकरं आदल्या दिवशीच मारून रात्रभर थंडीत टांगून ठेवली होती. सकाळी आम्ही ओकच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं, सुऱ्यांना धार लावली, मांस भरायची आतडी कोमट पाण्यात भिजत घातली, आणि तरी कुणी कुणाशी धड बोलेना.

जानेवारीतला सॉसेजचा दिवस आमच्याकडे असा मुका कधी गेला नव्हता. पपा असताना त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे शेजारीण मेटाच्या घरापर्यंत जायचा. मसाल्याच्या टोपात हात घालून ते कच्चं मांस जिभेला लावायचे आणि ओरडायचे, "मिरी! कुणी कंजूषपणा केलाय?" मागच्या ईस्टरच्या आधी ते गेले. त्यानंतर नोव्हेंबरात ते दाराचं झालं.

दिवेलागणीची वेळ होती. आई स्वयंपाकघरात एकटी बटाटे सोलत होती, आणि कुणीतरी मागचं दार हलवायला लागलं. हाक नाही, टकटक नाही, नुसतं दार हलत होतं. आईनं पपांच्या उशाच्या खणातून त्यांचं पंचवीस नंबरचं छोटं पिस्तूल काढलं आणि ती दारासमोर जाऊन उभी राहिली. काही वेळानं दार हलायचं थांबलं. त्याच आठवड्यात मेटाच्या घरात दोघं घुसले. त्यांनी तिला ढकललं, तिचं खुब्याचं हाड मोडलं. सॉसेजच्या दिवशी मेटा अजून इस्पितळातच होती.

माझा मोठा भाऊ एल्गिन दुसऱ्या दिवशी गावातून धावत आला. त्यानं ते पिस्तूल हातात घेतलं, खालचं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून नळीत डोकावून पाहिलं. नळीत गोळी नव्हती; स्लाइड ओढल्याशिवाय ती खालून वर चढत नाही.

"आई, हे तू भरलंच नव्हतंस."

"ओढत होते रे," आई म्हणाली. "मागे येईना."

तिची बोटं संधिवातानं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. बरणीचं झाकणसुद्धा ती टेबलाच्या कडेवर आपटून उघडायची. एल्गिननं पिस्तूल पुन्हा खणात ठेवलं, तो गाडीत बसला आणि गावात पोचेपर्यंत रडला. हे त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी मात्र त्यानं घरी जाऊन बायकोला एवढंच सांगितलं, की आता आई आपल्याकडे राहील.

आईनं नाही म्हटलं. नाताळात पुन्हा नाही म्हटलं. शेवटी एल्गिननं अट घातली, की सॉसेजच्या दिवशी सगळे असतील, त्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर दाखवावं. माणसाला खरोखर थांबवेल असं एखादं पिस्तूल तिच्या हाताला पेललं तर तिनं राहावं. नाही पेललं तर संध्याकाळी ट्रंक भरावी आणि त्याच्या गाडीत बसावं.

"आणि पेललं तर पुन्हा विषय काढायचा नाही," आई म्हणाली.

"नाही काढणार."

म्हणून त्या सकाळी सगळे मांस कापत होते आणि गप्प होते.

धाकटा भाऊ मिल्टन सान अँटोनियोहून आला होता. त्या हिवाळ्यात पेट्रोलला रांगा लागत होत्या, तरी आला. तो आईच्या बाजूचा, म्हणजे मुख्यतः एल्गिनच्या विरुद्ध बाजूचा. लहानपणापासून तसंच होतं. एल्गिन महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढून आला तेव्हा मिल्टन शाळेत जायला लागला होता. तेव्हापासून एक भाऊ हुकूम देत होता आणि दुसरा ते मोडत होता.

"एल्गिन," मिल्टन सुरी न थांबवता म्हणाला, "काल डुकराला दोन गोळ्या लागल्या म्हणे."

"हललं ते."

"पपांना एकच लागायची. हीच बंदूक, हीच बावीसची गोळी."

"मिल्टन," मी म्हटलं, "चरबी वेगळी टाक. मिसळू नकोस."

"मी कुठे काय म्हणालो? आईला सांगत होतो. चारशे पौंडांचं जनावर बावीसच्या दाण्याएवढ्या गोळीनं खाली बसतं. मग माणूस काय चीज आहे?"

एल्गिननं सुरी खाली ठेवली. "डुकराला कोपऱ्यात मका टाकलेला असतो. ते खाली मान घालून खात असतं. आपण त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर उभे असतो. चोर मका खायला येणार आहे का? मी पाहिलंय मिल्टन, लांबून नाही, तोंडासमोर पाहिलंय. गोळी लागलेला माणूससुद्धा चालत येतो. त्याला कळतच नाही आपल्याला लागलंय ते."

युद्धातलं एल्गिन कधी काढत नसे.

आईनं मात्र मान वर केली नाही. "लसूण कुणी सोलला?" तिनं विचारलं. "अर्धा सालासकट आहे."

"मी," ओटिलीमावशी म्हणाली.

"मला वाटलंच."

ओटिलीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप तिनं एकटीनं चालवला, आणि गुडघे गेले तेव्हा विकून गावात दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली. ती एल्गिनच्या बाजूची होती. "मी सोडलं ना सगळं? हिला काय सोनं लागलंय?" असं ती चर्चमध्ये दोन-तीन जणींना म्हणाली होती, आणि ते अर्थातच आईपर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त लसणाबद्दल बोलत होत्या.

एल्गिनची बायको वांडा आतडी धुवत बसली होती. ती आमच्या जर्मन वस्तीतली नव्हती, डॅलसकडची, वेगळ्या पंथाच्या, बाप्टिस्ट घरातली. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी तिला बघून आमच्याकडच्या म्हाताऱ्या जर्मन सोडून इंग्रजीत बोलायला लागायच्या, आणि तिला ते आवडत नसे, कारण तोवर तिला बरंचसं जर्मन समजायला लागलं होतं.

दुपारी जेवणं झाली. ताजं तळलेलं सॉसेज, बटाट्याचं सॅलड, लोणची. एरवी सगळे दुसऱ्यांदा वाढून घेत, त्या दिवशी कुणी घेतलं नाही. मग एल्गिननं टेबल पुसलं, त्यावर जुनं बेडशीट अंथरलं, आणि सगळ्यांनी आपापली पिस्तुलं काढून ठेवली.

मी आज हे सांगताना माझ्या नातसुनेला हसू येतं. पण आमच्याकडे ते काही विशेष नव्हतं. कुणाच्या गाडीत, कुणाच्या ट्रकच्या खणात, कुणाच्या पर्समध्ये असायचंच.

एल्गिनचं तीनशे ऐंशीचं, काळं, चपटं. मिल्टनचं अडतीसचं आखूड नळीचं रिव्हॉल्वर. पपांचं ते पंचवीसचं, आणि माळ्यावर सापडलेलं बावीसचं जुनं रिव्हॉल्वर, जे साप मारायला ठेवलेलं असायचं. ओटिलीमावशीनं काहीच काढलं नाही. ती खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"हे पाहा," मिल्टन मास्तरासारखा म्हणाला. तो त्या विषयावरची मासिकं वाचायचा. "पंचवीस आणि बावीस, ताकदीला जवळजवळ सारखीच. पण बावीसच्या काडतुसाचा बार कडेला असतो, कधीकधी पेटतच नाही. पंचवीसचा बार मधोमध, तो भरवशाचा. म्हणून पपांनी पंचवीस घेतलं असणार."

"पपांनी ते घेतलं कारण ते कोटाच्या खिशात मावायचं," आई म्हणाली.

"तेही आहे. तीनशे ऐंशी नुसतं आकड्याला मोठं, ते या दोघांहून जड पण अडतीसहून हलकं. आणि अडतीस म्हणजे... अडतीस पोलिसांकडे असतं, आई. अडतीसपुढे एल्गिनसुद्धा काही म्हणू शकत नाही."

"अडतीस चालेल," एल्गिन म्हणाला. सकाळपासून दोघांचं हे पहिलं एकमत होतं.

आम्ही ओढ्याच्या उंच काठापाशी गेलो. मागे मातीची दरड, त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. पपांनी तिथे आम्हा सगळ्यांना नेम शिकवला होता. दर उन्हाळ्यात आमच्या भागात नेमबाजीची जत्रा भरते, गावागावांचे संघ येतात, आणि सगळ्यांत चांगल्या नेमबाजाच्या गळ्यात बिल्ल्यांची माळ घालून त्याला राजा करतात. पपा एकदा राजा झाले होते. बायकांना त्या काळी जत्रेत बंदूक धरू देत नसत. पण घरी पपांचा नेम चुकला की आई मागून सांगायची, "श्वास सोडल्यावर थांब जरा. मग ओढ." राजा कुणी केला ते आम्हा मुलांना माहीत होतं.

आणि त्या दिवशी आम्ही केलं ते आमच्याच लोकांना सुचावं. मिल्टननं जत्रेतल्यासारखं टेबल आणून मांडलं. त्यावर वाळूची पिशवी ठेवली. आईसाठी खुर्ची आणली, पाठीला उशी दिली. दरडीला जत्रेतलाच कागद टाचला, गोल गोल वर्तुळांचा. आई बसली, बावीसचं रिव्हॉल्वर दोन्ही हातांत धरून वाळूच्या पिशवीवर टेकवलं, चष्मा सारखा केला, श्वास घेतला, सोडला, थांबली.

गोळी मधल्या काळ्या ठिपक्यात गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुन्हा तिनं तेवढाच वेळ घेतला, पुन्हा ठिपका. एकदा नुसतं टक् झालं, गोळी उडालीच नाही. आईनं शांतपणे पुन्हा चाप ओढला, गोळ्यांची फिरकी पुढे सरकली आणि पुढची गोळी गेली, तीही ठिपक्याच्या कडेला. मिल्टननं कागद काढून आणला आणि एल्गिनच्या नाकासमोर धरला.

"वाच. डोळे चांगले आहेत ना तुझे?"

एल्गिनचा चेहरा पडला होता. तो काही बोलणार होता, आणि मला वाटतं तो हार मानणार होता. त्यालाही ठिपक्यापुढे काही सुचत नव्हतं. आम्ही सगळेच त्या कागदाचे भक्त.

तेवढ्यात वांडा म्हणाली, "चोर थांबणार आहे का?"

"काय?" मिल्टन वळला.

"आई वाळूची पिशवी आणेपर्यंत, बसेपर्यंत, चष्मा पुसेपर्यंत. तो थांबणार आहे का, असं विचारतेय मी." तिनं हात पुसले. "तुम्ही लोक घरात घुसलेल्या माणसाला बिल्ला द्यायला निघाला आहात."

मिल्टनच्या हातातला कागद खाली आला. मला वांडाचा राग आला होता. वीस वर्षांनी तोंड उघडलं आणि आईच्याच विरुद्ध, असं वाटलं मला.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "टेबल काढा."

टेबल निघालं. कागदाऐवजी मिल्टननं पपांचा जुना कोट काठीला अडकवून रोवला. मी तो काढायला पुढे झाले, पण आई म्हणाली, "राहू दे. ते हसले असते." खोलीच्या रुंदीएवढं अंतर. उभं राहायचं, पिस्तूल स्टुलावरून उचलायचं आणि झाडायचं.

पहिलं पंचवीस. आईनं स्लाइड धरली, ओढली. बोटं घसरली. पुन्हा ओढली, अर्धी आली आणि तिच्या हाताची कातडी चिमटली. तिनं न बोलता ते स्टुलावर ठेवलं. तीनशे ऐंशीचं तर तसूभरही हललं नाही. एल्गिननं भरून दिलं, तेव्हा पहिल्या बारासरशी तिचं मनगट असं वर उडालं की तिच्या तोंडून आवाज निघाला.

"भरून ठेवायचं आधीच," मिल्टन म्हणाला.

"आणि अडकलं तर?" एल्गिन म्हणाला. "गोळी अडकली तर तिनं ओढायचं कसं?"

"मग अडतीस. त्यात ओढायचं काही नाही. फिरकीचं आहे. आई, घे हे."

आईनं अडतीस उचललं. पहिली गोळी कोटाच्या खिशापाशी लागली. मिल्टन ओरडला, "बघ!" दुसरी पीचच्या झाडाच्या फांदीत गेली आणि फांदी खाली आली. तिसरी तिनं झाडलीच नाही. ती उजवं मनगट डाव्या हातात धरून उभी होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पुरे," एल्गिन म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "पुरे आई. चल घरात."

"बावीस राहिलं," मिल्टन म्हणाला.

"बावीस आता टक् करून गेलं, तू पाहिलंस. जे पेलतं ते पुरत नाही. जे पुरतं ते पेलत नाही. मी काय हौसेनं करतोय का हे? वांडानं खोली रंगवलीय. खिडकीतून बाग दिसते."

"खोली सुंदर आहे," वांडा म्हणाली. "मी त्यात एक महिनासुद्धा राहणार नाही."

एल्गिन तिच्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? माझ्या आईला माझ्या भावानं असंच नेलं होतं. खोली तिचीही सुंदर होती. ती रोज सकाळी तयार होऊन खिडकीत बसायची आणि विचारायची, घरी कधी जायचं. वर्षभरात गेली. डॉक्टर म्हणाले हृदय. मला माहीत आहे काय ते." ती आईकडे वळली. "मघाशी मी तुमच्या विरुद्ध बोलले नाही, आई. खोटं जिंकून तुम्ही इथे राहिला असता, आणि एक दिवस वाईट बातमीचा फोन मलाच आला असता. खरं जिंका."

त्या दिवसापासून आई तिच्याशी जर्मनमध्येच बोलू लागली. तिचा शब्द चुकला तर दुरुस्तही करायची, जे ती फक्त आपल्या माणसांचं करायची.

"खरं जिंकायचं कशानं?" मिल्टन कडवटपणे म्हणाला. "संपली सगळी."

"नाही संपली," ओटिलीमावशी म्हणाली, आणि पर्स उघडली.

तिनं काढलं ते बत्तीसचं लांबट काडतुसाचं रिव्हॉल्वर होतं. मुठीचं लाकूड हातानं झिजून काळं झालेलं. ती ते बाळगते हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

"बत्तीस?" एल्गिन म्हणाला. "मावशी, बत्तीसनं माश्या हाकलतात."

"हाकल मग. उभा राहा तिथे कोटाच्या जागी."

मिल्टन फसकन हसला. मावशीनं ते आईपुढे धरलं. "घे गं हुल्डा. धक्का कमी आहे. चाप मऊ आहे, माझ्या दिराकडून करून घेतला होता. माझ्याही बोटांना पेलतो, आणि माझी बोटं तुझ्याहून वाईट आहेत."

"तुझी वाईट? सालं तर काढता येत नाहीत तुला."

"म्हणूनच."

आईनं ते उचललं. मी तिच्या बाजूला उभी होते. तिचा चेहरा पालटला ते मी पाहिलं. एखाद्या दुकानात नको नको म्हणत असताना अचानक पायाला बसणारा बूट सापडावा तसा. ती उभ्याउभ्या, पिशवी नाही, चष्मा सारखा करणं नाही, एकामागून एक झाडत गेली, सगळ्या गोळ्या. कोटाच्या छातीवर भोकं पडली, सगळी माझ्या पंज्याखाली झाकली जातील अशी. मनगट जागच्या जागी.

एल्गिन कोटापाशी गेला. भोकांवर बोटं ठेवली. "मावशी, मी खोटं नाही बोलत. बत्तीस लहानच आहे."

"लहान आहे," मावशी म्हणाली. "अडतीस मोठं आहे, आणि ते पीचच्या झाडाला लागलं. झाड मेलं असेल बिचारं." मग ती थोडी थांबली. "पंपावर एकदा एक जण आला होता. गल्ल्यापाशी आला, हातात लोखंडी पान्हा. मी हे बाहेर काढलं. तुम्हाला वाटतं त्यानं बघितलं हे किती नंबरचं आहे? त्यानं याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी झाडणार की नाही तेवढं त्याला बघायचं होतं. त्याला दिसलं. गेला."

"तू कधी सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस. तू लसणाचं विचारतेस."

एल्गिननं मान हलवली. तो हट्टी होता, पण मला नंतर कळलं तो हट्ट नव्हता, भीती होती. "तिच्या तोंडाकडे मी पण पाहिलंय," तो म्हणाला. "दाराचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी ती न भरलेलं पिस्तूल घेऊन दारासमोर उभी होती. सरळ दारासमोर! तो झाडत आत आला असता तर? हाताला काय पेलतं ते कळलं. पण वेळ आल्यावर ती काय करेल ते मला कळलेलं नाही."

"मग वेळ आण," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तू बाहेर जा. दार हलव. नोव्हेंबरात हलत होतं तसं."

बत्तीसमधल्या गोळ्या काढल्या. मावशीनं फिरकी उजेडाकडे धरून पाहिली, मग पिस्तूल मिल्टनच्या हातात दिलं, मग मलाही पाहायला लावली. खात्री झाल्यावरच आईला दिलं. आम्ही सगळे पुढच्या खोलीत जाऊन गप्प बसलो. आई स्वयंपाकघरात एकटी. सूर्य टेकड्यांमागे चालला होता आणि खिडकीतून तांबूस उजेड येत होता.

यापुढचं एल्गिनच्या बाजूनं सांगते, कारण त्यानं मला ते इतक्या वेळा सांगितलंय की ते माझंच झालंय.

तो घराला वळसा घालून मागच्या पायऱ्या चढला. हातांना अजून मसाल्याचा वास होता. त्यानं दाराची मूठ धरली, आणि त्याला एकदम लाजल्यासारखं झालं. याच दारातून तो शाळेतून धावत आत यायचा, युद्धावरून परत आला तेव्हाही याच दारातून आला होता. मग त्याला मेटा आठवली. त्यानं दार हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. चौकट खडखडू लागली. आतून काही आवाज नाही. त्यानं खांदा लावला. आत काहीतरी सरकलं, दारासमोर नाही, बाजूला, दगडी भिंतीच्या आड. मग फोनची तबकडी फिरल्याचा आवाज, सावकाश, पूर्ण.

आणि मग आईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"दारात कोण आहे ते मला माहीत नाही. शेरिफला फोन लागलाय आणि तो ऐकतोय. माझ्या हातात भरलेलं पिस्तूल आहे, ते मला चालवता येतं, आणि मी तुझ्या समोर उभी नाही. आत आलास तर मी झाडीन. आता पायऱ्या उतर."

एल्गिनला माहीत होतं पिस्तूल रिकामं आहे. त्याला माहीत होतं फोन खोटा आहे. आणि तरी, तो म्हणायचा, त्याचे पाय आपोआप एक पायरी खाली उतरले होते. हा आवाज त्यानं ऐकलेला होता. लहानपणी पुराच्या वेळी, ओढा अंगणात आला तेव्हा, याच आवाजात तिनं त्यांना सगळ्यांना माळ्यावर चढवलं होतं. घाबरलेला आवाज नव्हता तो, रागाचाही नव्हता. त्यात नुसतं पुढे काय होणार ते सांगितलेलं होतं.

"आई," तो म्हणाला, "मी आहे. उघड."

"मी म्हणजे कोण?"

"एल्गिन."

"दिव्याखाली उभा राहा. हात दिसू देत."

पोर्चचा दिवा लागला. पन्नाशीला आलेला माझा भाऊ, गावातल्या विम्याच्या ऑफिसचा मालक, दिव्याखाली हात वर करून उभा राहिला. खिडकीचा पडदा बोटभर सरकला. तिनं त्याला चांगलं निरखून पाहिलं, घाई केली नाही. मग कडी निघाली.

आम्ही पुढच्या खोलीतून धावत आलो तेव्हा एल्गिन उंबऱ्यात उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि आई त्याच्या कोटाची कॉलर नीट करत होती, जणू तो कुठे बाहेर निघालाय.

"काय मग?" मिल्टन म्हणाला. पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

एल्गिननं वळून दाराच्या मधल्या फळीवर बोटाच्या सांध्यानं ठोकलं, मग खाली ठोकलं, मग बिजागरीपाशी.

"हे दार कुचकामी आहे," तो म्हणाला. "मी नुसता खांदा लावला तर वाकलं. ओकचं लागेल, आणि कडी वर-खाली दोन्हीकडे. उद्या घेऊन येतो."

"उद्या रविवार आहे," आई म्हणाली.

"मग चर्चनंतर."

"मी येतो मदतीला," मिल्टन म्हणाला.

"तुला रंधा धरता येतो का?"

"तू शिकव."

वांडानं न सांगता चुलीवर पाणी ठेवलं. मी कपाटातून कप काढायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ओटिलीमावशीनं टेबलावरून बत्तीस उचलून परत पर्समध्ये टाकलंय.

"मावशी," मी म्हटलं, "ते आईसाठी ना?"

"मी कधी म्हटलं देईन?" मावशी पर्सची कडी लावत म्हणाली. "तीस वर्षं ते माझ्या हाताखाली झोपलंय. ते जिथे जाईल तिथे मी जाईन." मग आईकडे न बघता, एल्गिनला, "चर्चनंतर ट्रक मोकळा असेल ना तुझा? माझी गादी आणायची आहे. आणि एक खुर्ची. बाकी काही नाही."

आईनं डोळे बारीक केले.

"तुला कुणी बोलावलंय?"

"कुणीच नाही. गावातल्या त्या दोन खोल्यांत मला झोप येत नाही, हुल्डा. दोन वर्षं झाली." मावशीचा आवाज जरा खाली आला. "सगळ्यांना सांगत फिरते, सोडलं, सोडलं. काय सोडलं? रात्रभर रस्त्यावरच्या गाड्या मोजते."

आईनं मावशीच्या हातातली पर्स घेतली आणि ती पपांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवली, जिथे पपांचा कोट असायचा. मग वांडाच्या हातातून कॉफीचा डबा काढून घेतला.

"ये तर," ती म्हणाली. "पण या घरात कॉफी मी करणार. तुझी कॉफी पिण्यापेक्षा चोर परवडले."